शाळाप्रवेशाचे शब्द पालकांना कळलेच पाहिजेत

प्रवेशाचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या शाळांच्या खिडकीवर एकच वाक्य ऐकू येतं, 'हा कागद चालत नाही, दुसरा आणा.' कुठला, का आणि कुणाकडून, हे कुणी सांगत नाही. पालक हेलपाटे मारतात आणि मुदत निघून जाते. पात्र असलेल्या मुलाची जागा अशी जाते, ती बहुतेक वेळा एखादा शब्द नीट न कळल्यामुळे. हे टाळता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त गोंधळ आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्क्यांचा. 2009 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात एक चतुर्थांश जागा राखीव असतात. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा यात येत नाहीत. अर्जात 'वंचित गट' आणि 'दुर्बल घटक' असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि इथेच लोक अडकतात. वंचित गटात अनुसूचित जाती, जमाती, भटक्या विमुक्त, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग, दिव्यांग आणि अनाथ मुलं येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटक म्हणजे यात न बसणारी, पण ज्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे अशी मुलं. त्यांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ओबीसीचा दाखला हातात असलेले पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूच्या रांगेत दिवस घालवतात, आणि ज्यांना तो खरंच लागतो ते 'नंतर देऊ' म्हणून फॉर्म भरून टाकतात. पडताळणीत नंतरला जागा नसते.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक गोष्ट लागू होते. कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातून इकडे आलेली बरीच कुटुंबं आहेत. परराज्यातला जातीचा दाखला या प्रवेशाला ग्राह्य धरला जात नाही. तिकडचा दाखला असेल तर अर्ज उघडायच्या कितीतरी आधी प्रांत कार्यालयात चौकशी करा. या जागा लॉटरीने भरतात, आणि मुलाचं नाव लॉटरीत आल्यावर धावपळ करून इकडचा दाखला मिळत नाही.

'रहिवासी पुरावा' हा तसाच दुसरा शब्द. घर भाड्याचं असेल तर करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा, किमान 11 महिन्यांचा, आणि अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. इचलकरंजीत, गांधीनगरात घरमालक नोंदणीला तयार नसतात, ही खरी अडचण आहे आणि ती भाडेकरूची नसून व्यवस्थेची आहे. तरी आज नियम असा आहे.

आता नकाशा. अर्ज भरताना गुगल मॅपवर लाल फुगा आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो. शाळा 1 किलोमीटरच्या आत आहे की 1 ते 3 च्या टप्प्यात, हे त्या फुग्यावरून ठरतं. नेट कॅफेवाला घाईत फुगा चौकात किंवा रंकाळा तलावाच्या मध्यावर सोडून देतो. लॉटरीत नंबर लागतो, आणि पडताळणीत पत्ता व अंतर जुळत नाही म्हणून प्रवेश रद्द होतो. जवळची शाळा मिळावी म्हणून मुद्दाम फुगा सरकवणाऱ्यांचंही तेच होतं. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्या, हरकत नाही, पण फुगा स्वतः ठेवा. नकाशा मोठा करून गल्ली, कोपऱ्यावरचं दुकान, आपलं छप्पर ओळखू आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि एका मुलाचा एकच अर्ज. दोन भरले की दोन्ही धोक्यात.

'निवड यादी'त नाव म्हणजे प्रवेश झाला, असं समजून पेढे वाटू नका. पोर्टलवरून अलॉटमेंट लेटर काढायचं, मूळ कागद घेऊन पडताळणी समितीकडे जायचं, तिथून मान्यता मिळाल्यावर शाळेत. दिलेल्या मुदतीत हे झालं नाही तर जागा 'प्रतीक्षा यादी'कडे जाते आणि तुम्हाला पुन्हा संधी नसते. एसएमएसवर विसंबू नका, पोर्टल रोज उघडा. हा लाभ आठवीपर्यंतचा आहे, हेही आधीच धरून चाला. नववीपासून शाळेची पूर्ण फी भरावी लागते.

मुलाचं वय हा साधा हिशेब, पण चुकतो. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिलीसाठी त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत. केंद्रीय विद्यालयाला 31 मार्च धरतात. ऑगस्ट 2020 मध्ये जन्मलेलं मूल जून 2026 ला इथल्या मराठी शाळेत पहिलीत बसेल, केंद्रीय विद्यालयात बसणार नाही. दोन्ही बरोबर आहेत, वाद घालून उपयोग नाही.

आता दाखला. 'शाळा सोडल्याचा दाखला' आणि 'बोनाफाईड' एक नव्हेत. बोनाफाईड म्हणजे मूल आज या शाळेत शिकतंय एवढंच. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीवरून, उतरवलेला असतो, त्यावर रजिस्टर नंबर, जन्मतारीख अंकी व अक्षरी, जन्मस्थळ, धर्म, जात व पोटजात असते. हा कागद हातात पडल्याबरोबर खिडकीसमोर उभं राहून एकेक ओळ वाचा. आईचं नाव, वडिलांच्या नावातली वेलांटी, गावाचं नाव. पुढे जात पडताळणीला हाच कागद लागतो, आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वाडवडिलांच्या शाळेच्या नोंदी शोधत लोक गावोगाव फिरतात ते याच रजिस्टरसाठी. पहिलीत जात 'हिंदू' एवढीच लिहून मोकळे होणाऱ्या पालकांना आणि लिहून घेणाऱ्या शाळांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. मूल शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत पुराव्यासह प्रस्ताव देऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर तीच गोष्ट फार कठीण होऊन बसते. दाखल्यावर पेनने खाडाखोड तर कधीच नको, तो दाखला कायमचा संशयात जातो.

परराज्यातून आलेल्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षण अधिकाऱ्याची 'प्रतिस्वाक्षरी' मागतात. निपाणीहून निघतानाच ती करून घेतली तर परत जावं लागत नाही. आणि कागद मिळाला तरी अर्धंच काम झालेलं असतं. जुन्या शाळेने यूडायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर मुलाला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढू शकत नाही. त्यासाठी मुलाचा पेन नंबर (त्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) लागतो, तो प्रगतिपुस्तकावर किंवा दाखल्यावर लिहून मागा.

दाखला अडवून धरला म्हणून घाबरू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला मिळायला उशीर झाला या कारणाने प्रवेश लांबवता येत नाही, हे आरटीई कायद्याच्या कलम 5 मध्ये स्पष्ट आहे. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तिथे कागदासाठी एखादं मूल महिनाभर घरी बसलेलं पाहवत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेणंही कलम 13 ने बंद आहे. पहिल्या वेळेला 25 हजार, पुढच्या प्रत्येक वेळेला 50 हजार दंड आहे. 'नुसती ओळख करून घेतो' म्हणून कुणी बोलावलं तर हे माहीत असू द्या.

फलकावर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेली शाळा सीबीएसईची असेलच असं नाही. 'मान्यता' राज्य सरकारची असते, 'संलग्नता' बोर्डाची. संलग्नता क्रमांक विचारा आणि बोर्डाच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. यूडायस क्रमांक 11 अंकी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. तो प्रत्येक शाळेला असतो, त्यावरून बोर्ड कळत नाही.

शेवटी कागलच्या नवोदयबद्दल, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयाबद्दल, कारण इथे न कळत नुकसान होतं. सहावीच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण 'ग्रामीण' म्हणजे घर खेड्यात असणं नव्हे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. या तीन वर्षांत एक दिवस जरी मूल शहरी शाळेच्या पटावर आलं तरी ते शहरी धरलं जातं. नवोदयची तयारी चांगली होईल म्हणून राधानगरी, भुदरगडातून मुलाला चौथीला शहरातल्या शाळेत आणायचा विचार असेल, तर नाव काढायच्या आधी हे बघा. क्लास शहरात लावा, पट गावातल्या शाळेचाच राहू द्या.