‘मनात नसेल तर उपचार वाया’ हे खरं नाही

नाशिकच्या सिडको, इंदिरानगर भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कोकेन सुटणं फक्त इच्छाशक्तीवर अवलंबून असतं. घरच्यांनी बळेच नेलं तर पैसे पाण्यात.’ मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं वाचा.

घरच्यांच्या आग्रहाने किंवा कोर्टाच्या सांगण्यावरून आलेल्यांनाही उपचारांचा फायदा होतो. परिणामाचा अंदाज इतर गोष्टींवरून जास्त बांधता येतो. पहिल्या तपासणीत लघवीत कोकेन सापडलं तर वाट अवघड असण्याची शक्यता जास्त. सुरुवातीचे काही आठवडे कोकेनशिवाय गेले तर पुढची आशा वाढते. सोबत दारू असेल तर तिच्यावरही उपचार हवेतच, आणि नैराश्याकडे ‘नाटकं करतोय’ म्हणून कानाडोळा करू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टिकून राहणं. ९० दिवसांपेक्षा कमी उपचारांचा परिणाम मर्यादित राहतो, म्हणून ‘२१ दिवसांत मुक्ती’ असल्या जाहिरातींना भुलू नका.

कोकेनचं व्यसन सोडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. आधार समुपदेशनाचाच, त्यातही तपासणी स्वच्छ आल्यावर छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीचे पुरावे सर्वात भक्कम आहेत.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं गप्प बसतात, याचं फार वाईट वाटतं. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं. सल्ल्यासाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्येही चौकशी करा.