मनोरी ते भाईंदर: हातानं केलेला किनारा

थंडी पडली की मुंबईच्या उत्तर टोकाला मनोरी-गोराई-उत्तनच्या पट्ट्यात दर रविवारी लोक 'निसर्ग' बघायला उतरतात. जरूर उतरावं, मीही जाते. पण या पट्ट्यात माणसाचा हात न लागलेली जमीन शोधायला गेलात तर दमून घरी याल. किनाऱ्यावरची सुरूची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाकडची, वाळू धरून ठेवायला लावलेली. नारळाच्या वाड्या लावलेल्या. मागची भाताची खाचरं खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली. आणि त्याहीमागे चकाकणारं जे पाणी रीलवाली मंडळी 'लेक' म्हणून टाकतात ना, ते मिठागर आहे हो!

हे सगळं चालत बघायचं तर मालाडहून मार्वे गाठायचं, बोटीत बसून मनोरीला उतरायचं आणि कुळवेम, गोराई करत उत्तनच्या दिशेनं निघायचं. समुद्र डाव्या हाताला, खाडी उजव्या. बहुतेक लोक डावीकडे बघत चालतात. खरी गंमत उजवीकडे आहे.

उजवीकडे खाजण. पूर्वी भरतीला पाण्याखाली जाणारी ही चिखलजमीन लोकांनी बांध घालून अडवली. बांध म्हणजे तरी काय, खाडीतलाच चिखल, त्यात दगड, वर गवत. कुठे कमरेएवढा तर कुठे डोक्याच्या वर. पहिले एक-दोन पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन काढण्यात जायचे, मग खारं सोसणारं भात. आपल्याकडच्या खारपट्ट्यात काळा राता, भुरा राता ही जुनी बियाणी. चिखलात रोपं लावत बसण्यापेक्षा मोड आलेलं बी सरळ फेकायचं, त्याला रहू टाकणं म्हणतात. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं सुधारित वाणं काढली. त्याच्या कितीतरी आधीपासून निवड करत आले ते शेतकरी. ते कुणी नोंदवून ठेवलं नाही, एवढंच.

या बांधातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे उघाडी. दगडी मोरी, आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी चढलं की तेच झडपेला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही, ऑपरेटर चहाला गेलाय अशी भानगड नाही. जुन्या उघाडीपाशी ओहोटी लागताना उभं राहून बघा. आधी फळीच्या कडेनं बुडबुडे येतात, मग एक बारीक धार, मग झडप किंचित थरथरते आणि भसकन पाणी सुटतं. तेवढ्यात काठावरचे निवटे, चिखलात राहणारे ते छोटे मासे, टणाटण उड्या मारत बाजूला होतात.

आता मुंबईकडे बघा. १९८५च्या पुरानंतर पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड अहवाल आला १९९३ मध्ये, आणि कामाला खरा जोर चढला तो २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यावर. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी मोठमोठी पंपिंग स्टेशनं बांधली, कारण भरतीच्या वेळी शहरातलं पाणी आपणहून बाहेर जाऊच शकत नाही. एक उघाडी बसवली की पावसात तुंबणारं हिंदमाता कोरडं होईल, असला भाबडेपणा मी करणार नाही. फरक वेगळा आहे. खाजणवाल्यांनी समुद्राला अडवलं, पण दिवसातून दोनदा तो येणार हे धरूनच अडवलं. शहरानं त्याला कायमचं हाकलल्याच्या थाटात भराव टाकला.

भरावाचा इतिहास शाळेत झालाय आपला, लांबण लावत नाही. वरळीची खिंड बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड १७८४च्या सुमारास पुरा झाला. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, लेडी जमशेटजींच्या पैशानं. डोंगरीची नवरोजी टेकडी बंदराच्या भरावासाठी फोडली. आमच्या उपनगरातल्या लोकांसाठी एक खास माहिती: बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीच्या टेकडीची दगडमाती रेल्वेनं वाहून नेली होती. म्हणजे मरीन लाइन्सला जाऊन हवा खाणारा कांदिवलीकर एका अर्थी स्वतःच्याच गावात बसलेला असतो.

उत्तनच्या आधी मुंबईची हद्द संपते, पण जमिनीला ते कुणी सांगितलेलं नाही. उत्तनच्या वस्तीत शिरलात की वास सांगतोच. बांबूच्या वलांड्यांवर, म्हणजे आडव्या दांड्यांवर, वाळत घातलेले बोंबील. जवळ जाऊन बघा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दांडीवर टाकलेली असते, सुतळी नाही की आकडा नाही, दातांनीच दात धरलेले. हे बोंबील येतात डोल जाळ्यात. डोल माशाच्या मागे धावत नाही. ती प्रवाहात ठोकून ठेवायची आणि भरती-ओहोटीला मासा आत आणून द्यायला लावायचं. मी फोटो काढत होते तर एक आजी म्हणाल्या, "फोटू नंतर काढ गो, आधी घे किती घेतंस ते सांग." घेतले. त्या वलांड्यांसाठी लागणारी उन्हाची मोकळी जागा पार्किंगला बरी पडेल, असं अधूनमधून कुणाच्या तरी मनात येतच असतं.

वर डोंगरावर धारावीचा किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. या सगळ्या पट्ट्यालाच धारावी बेट म्हणतात. सायनजवळची धारावी वेगळी. तिच्याकडे येतेच आहे.

उत्तनहून भाईंदरकडे निघालं की मिठागरं लागतात. समुद्राचं पाणी साधारण साडेतीन टक्के खारट. मीठ धरायला हवं तर ते आटवत आटवत दहाव्या हिश्श्यावर आणावं लागतं. म्हणून एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उतार असा की पाणी आपलं आपण सरकावं. जास्त आटलं तर मॅग्नेशियम उतरून मीठ कडू होतं, म्हणून उरलेलं पाणी वेळेवर सोडून द्यायचं. ही वेळ मुकादम पाण्याच्या रंगावरून आणि बोटाच्या चवीवरून सांगतो. पावसाळ्यानंतर बांधबंदिस्ती, मग तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, आणि मग मे अखेरपर्यंत उन्हात फावडं ओढायचं.

तिथल्या एका दादांनी आम्हाला लांबूनच विचारलं, "मोजायला आलाव काय?"

"नाही हो दादा, चालायला आलोय."

"मागं आलते तेपन चालायलाच आलो म्हनत होते. मंग नकाशा काढला."

त्यांचा संशय हवेतला नाही. २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरं धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं. लोकांना घरं मिळायला हवीत, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्या जागेला रिकामी समजण्याशी. पावसाळ्यात मिठागर शेजारच्या वस्त्यांचं पाणी पोटात घेतं. त्यावर भराव घातला की पाणी नाहीसं होत नाही, शेजाऱ्याच्या दारात जातं. धारावीत पावसाळे काढलेल्या माणसाला उचलून आणखी सखल जमिनीवर नेऊन ठेवायचं, आणि वर म्हणायचं, तुमचं भलं केलं.

उलट टोकाचाही एक प्रश्न आहे, तो आपल्या पर्यावरणवाल्या मित्रांना आवडत नाही. बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही की खारं पाणी आत येतं, चार-पाच वर्षांत तिवरं, म्हणजे खारफुटी, उभी राहतात. उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशापासून तिवरांना हात लावता येत नाही, आणि तो आदेश हवाच होता. त्यावाचून मुंबईत आज काही शिल्लक राहिलं नसतं. पण ज्याची भातखाचरं होती त्याची ती कायमची गेली. बांध दुरुस्त करायला त्याला वेळेवर मदत मिळाली असती तर ही वेळ आली नसती, हे कुणी बोलत नाही. उलट मोठ्या रस्त्यांसाठी हजारो तिवरं तोडायची परवानगी मिळते. वर्सोवा ते भाईंदर कोस्टल रोड याच बाजूनं यायचा आहे. म्हणजे कायदा शेतकऱ्याला कडक आणि रस्त्याला मऊ. मला यात न्याय दिसत नाही. कुणाला दिसत असेल तर खाली लिहा, भांडू.

जाणार असाल तर डिसेंबर ते मार्च जा, सकाळची पहिली बोट धरा. पाणी आणि टोपी न्या, मिठागरांच्या भागात सावली नावाला नाही. बांधावरून मधोमध चाला, कड ढासळते. वाफ्यात पाय घालून फोटो काढू नका. तो तळ कुणीतरी दिवसच्या दिवस तुडवून गुळगुळीत केलेला असतो, आणि तुमच्या बुटाचा ठसा बुजवायला त्यालाच परत यावं लागतं. उत्तनला सुके बोंबील घ्या, सोडे (सुकी कोलंबी) मिळाले तर तेही घ्या. सुटे पैसे ठेवा. आणि आजींशी भावावरून घासाघीस करू नका, जमत नाही ते कुणाला.