‘फॅशनच्या नावाखाली बॅले’ : तुमच्या दोन स्टारना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की रविवारच्या वर्गाला पैसे फॅशनचे घेतले आणि तीन तास रशियन बॅलेचे जुने पोशाख दाखवले, शिवायला काही दिलं नाही, वर ‘बायकांना कॉर्सेटमधून (कंबर करकचून आवळणाऱ्या अंतर्वस्त्रातून) बॅलेचे पोशाख आखणाऱ्या बाक्स्टनं सोडवलं’ असं चुकीचं सांगितलं.

शेवटचं आधी घेते. तिथं मी चुकले. पॅरिसचा फॅशन डिझायनर पॉल प्वारे यानं कॉर्सेटविना पोशाख १९०६ च्या सुमारासच आणले होते. दिआघिलेवची रशियन बॅले मंडळी पॅरिसला आली १९०९ मध्ये, आणि लिओं बाक्स्टच्या पोशाखांचा ‘शेहेराझाद’ हा बॅले त्याच्या पुढच्या वर्षी. आपलं श्रेय बाक्स्टला जातं म्हणून प्वारे स्वतःच चिडायचा. पण १९११ च्या त्याच्या ‘एक हजार दुसरी रात्र’ मेजवानीत त्याची बायको घोळदार विजारीवर लॅम्पशेडसारखा, घेराला तार घातलेला झगा घालून बसली होती. ते वारं रंगमंचावरून आलं नव्हतं, असं मला तरी म्हणवत नाही.

शिवणाचं म्हणाल तर जाहिरातीत ‘प्रात्यक्षिक’ होतं आणि मशीनवर कापड चढलंच नाही. चूक आमची. प्रोजेक्टरवर निळा रंग राखाडी दिसत होता, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दिवसभर खुपलं. बाक्स्ट शिकवताना रंगच गेला तर उरलं काय?

बॅले कशाला, याचं उत्तर मात्र ठाम आहे. चित्रकार मातीसनं १९२० मध्ये बॅलेसाठी केलेला तो पांढरा झगा आठवा. फेल्टवर गडद निळ्या मखमलीचे त्रिकोण आणि पट्ट्या, बस्स. भरतकाम नाही, टिकली नाही, आणि नाटकगृहात शेवटच्या रांगेतूनही आकार कळतो. आपण आरी वर्कवर महिना घालवतो ते हातभर अंतरावरून बघायला. कापलेला तुकडाच नक्षीचं काम करतो, हे कुर्तीच्या गळ्यालाही लागू आहे.

उलटंही झालं. १९२४ च्या ‘ल त्रँ ब्ल्यू’ या बॅलेसाठी फॅशन डिझायनर शनेलनं विणलेल्या कापडाचे, खरेच वाटावेत असे पोहण्याचे कपडे दिले. दिसायला झकास, पण जोडीदाराला उचलताना हाताला पकड मिळेना. नायिका सोकोलोव्हाच्या कानांतली मोठ्ठी मोत्यांची कर्णफुलं तर इतकी जड की तिला संगीत नीट ऐकू येईना! (हा किस्सा चहाच्या सुट्टीनंतर झाला, तुम्ही तोवर गेला होतात.)

अर्धी फी आज परत करते. येत्या रविवारी फक्त फेल्ट आणि मखमल कापायची आहे, तुमची जागा विनाशुल्क राखून ठेवलीय. कात्री स्वतःची आणा, वर्गातल्या बोथट झाल्यात.