रामसेसचा 'वाढदिवस' आणि अबू सिम्बलचं ऊन

मावशीने फॅमिली ग्रुपवर प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्यावरचा तो मेसेज टाकला आणि भाच्याने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवला, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डच्या नादी मी लागत नाही. मेसेज म्हणतो, त्याने डोंगरात कोरून घेतलेल्या अबू सिम्बलच्या देवळाच्या गाभाऱ्यात राजाच्या मूर्तीवर वर्षातून दोनदाच ऊन पडतं, २२ फेब्रुवारीला त्याचा वाढदिवस आणि २२ ऑक्टोबरला राज्याभिषेक, आणि आजच्या शास्त्रज्ञांनी देऊळ हलवलं तर त्यांचा एक दिवस चुकलाच. शिवाय कादेशची लढाई त्याने एकट्याने जिंकली, मेल्यावर त्याला पासपोर्ट मिळाला, आणि त्याला शंभर पोरं होती.

आधी वाढदिवस, कारण डोकं त्यानेच फिरलं. रामसेसची जन्मतारीख सांगणारा एकही शिलालेख नाही. कुणी फोटो दाखवला तर बघू. गादीवर बसल्याची तारीख मात्र अभ्यासक धरतात, शेमू म्हणजे इजिप्तच्या कॅलेंडरातल्या कापणीच्या ऋतूचा तिसरा महिना, दिवस २७. त्या काळच्या शिलालेखांवर आयुष्य घालवलेले केनेथ किचनही हीच धरतात. इ.स.पू. १२७९ ला ती येते मेअखेर. मग ऑक्टोबर आणला कुठून?

बरं, इजिप्तचं सरकारी वर्ष सरळ ३६५ दिवसांचं, लीप वर्ष वगैरे भानगड नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी तारीख उन्हापासून एक दिवस सरकायची, आणि या बाबाने राज्य केलं ६६ वर्षं, म्हणजे त्याच्या हयातीतच सोळा दिवसांचा फरक. कुठल्या वर्षीच्या वाढदिवसाचा नेम धरून डोंगर कोरला म्हणे?

आणि दोन तारखा म्हणजे दोन चमत्कार नव्हेत. सूर्य दक्षिणेला जाताना एकदा देवळाच्या दार ते गाभारा या रेषेत येतो आणि परतताना पुन्हा येतो, २१ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे साधारण दोन-दोन महिने. कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस असा दोनदा होतो तो याच हिशेबाने, तिथे कुणी कुणाचा वाढदिवस शोधत बसत नाही.

देऊळ मुद्दाम तसं साधलंय, हे मान्य करतो. आत चार मूर्ती आहेत आणि त्यातला प्ताह, म्हणजे पाताळाशी जोडलेला देव, जवळपास अंधारातच राहतो, तेही भारीच आहे. पण आस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवायला युनेस्कोच्या मोहिमेत १९६४ ते १९६८ मध्ये अख्खं देऊळ कापून सुमारे ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं, त्यात एका दिवसाचा फरक पडला तर त्याला 'विज्ञान हरलं' म्हणायचं? ऊन तसंही आगेमागे काही दिवस आत येतंच.

कादेशचं भिंतींवर कोरलंय खरं, पण कोरणारे त्याच्याच पगारावरचे. इ.स.पू. १२७४ ला आजच्या सीरियातल्या कादेशपाशी हित्तींनी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या साम्राज्याने, त्याला घेरलं, तो लढून निसटला, एवढं शौर्य धरा. कादेश हित्तींकडेच राहिलं, पंधरा वर्षांनी तह झाला, आणि पुढे त्याने हित्ती राजकन्येशी लग्नही केलं.

पासपोर्ट: १९७६ ला ममी बुरशीच्या उपचारासाठी पॅरिसला गेली, विमानतळावर लष्करी मानवंदना मिळाली, हे खरं. पासपोर्टचा म्हणून जो फोटो फिरतो, तो हल्ली कॉम्प्युटरवर बनवलेला आहे.

आणि पोरं... बरं बाबा, शंभराच्या आसपास होती. नेफरतारी, इसेतनोफ्रेत आणि बाकीच्या राण्या धरून. पण बाप नव्वदीपर्यंत जगल्यामुळे थोरली बरीच आधीच गेली, आणि गादी मिळाली तेराव्या मुलाला, मेरनेप्ताहला, तोही तेव्हा म्हातारा झाला होता.