"अर्ध्या तासाचं काम, चार दिवस" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. तुमची लाइन थांबली, तुम्हाला वरून बोलणी खावी लागली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अ‍ॅक्च्युएटर (हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह उघड-झाक करणारं यंत्र) महिनाभरात पुन्हा हवा सोडतोय ही तक्रार गंभीर आहे, तिच्यावर खाली लिहिलंच आहे. पण "दोन ओ-रिंगचं अर्ध्या तासाचं काम, त्याला चार दिवस लावले, वर अख्खं किट गळ्यात मारलं" हे वाक्य फार लागलं. (ओ-रिंग म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, म्हणजेच सील; किट म्हणजे बदलायच्या सुट्या भागांचा संच.) आमचं पोट याच कामावर आहे. हे वाचून नवीन माणूस फोन करायच्या आधीच मागे फिरेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा अ‍ॅक्च्युएटर सिंगल अ‍ॅक्टिंग, रॅक-पिनिअनचा (दोन पिस्टनवरचे दात मधल्या दातेरी दांड्याला, म्हणजे पिनिअनला, फिरवतात), हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर बॉल व्हॉल्व्ह बंद करणारा. म्हणजे दोन्ही एंड कॅपमागे (टोकांच्या झाकणांमागे) स्प्रिंग दाबून बसवलेल्या. आधी हवा पूर्ण सोडायची, पिस्टन आत टेकलेत याची खात्री करायची, मग कॅपचे चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, एका वेळी एकेक फेरा सैल करायचे. हे बोल्ट मुद्दाम लांब दिलेले असतात, आटे सुटायच्या आत स्प्रिंगचा जोर संपावा म्हणून. चार-पाच फेऱ्यांनंतरही कॅपवर जोर जाणवत असेल तर आतली स्प्रिंग धरणारी कार्ट्रिज तुटलेली असू शकते किंवा पिस्टन आत टेकलेला नसतो. तिथे हात थांबवावाच लागतो. घाईत सोडलेली कॅप माणसाच्या तोंडावर येते. पुढे पिस्टन काढतानाही पोर्टमध्ये (हवेच्या छिद्रात) हवा मारायची नसते, पिनिअन फिरवून ते बाहेर आणायचे. तुमचा अर्धा तास इथेच संपतो साहेब, अजून एकही ओ-रिंग हातात आलेली नसते.

आता चार दिवसांचं. नेमप्लेटवर तुमच्या प्लँटच्या रंगाचा हात फिरलेला होता. खरवडून जे आकडे निघाले ते अर्धवट. मॉडेल जेमतेम लागलं, सीलचा प्रकार लागलाच नाही. म्हणून बोअर (पिस्टन सरकतो ती आतली नळी), पिनिअन आणि खाचा मोजून किट ठरवावं लागलं, कारण एकाच साइजच्या दिसणाऱ्या दोन अ‍ॅक्च्युएटरची किटं एकमेकांना बसतीलच असं नसतं. जुन्या ओ-रिंग काढल्या तर त्या चपट्या आणि कडक, वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक भेगा उघडत होत्या. ही उष्णतेची खूण आहे. व्हॉल्व्ह गरम लाइनवर आहे हे तुमच्या माणसानेही सांगितलं होतं. नायट्राइल रबर साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, त्यावर व्हायटॉन लागतं. नायट्राइलचं किट आमच्या कपाटात त्याच दिवशी होतं. ते टाकून संध्याकाळी गाडीत ठेवलं असतं तर तुम्ही आम्हाला पाच तारे दिले असते, आणि थोड्याच दिवसांत सील पुन्हा कडक झालं असतं. आम्ही व्हायटॉनचं मागवलं. चार दिवसांतला मोठा भाग त्याची वाट बघण्यात गेला.

अख्खं किट का, तेही सांगतो. पिस्टनची ओ-रिंग गळते तेव्हा बहुतेक वेळा तिचा एकटीचा दोष नसतो. पिस्टनवरचा गाइड बँड आणि पाठीचा पॅड झिजला की पिस्टन बोअरमध्ये किंचित कलतो आणि ओ-रिंग एकाच बाजूने घासली जाते. तुमच्या दोन्ही पिस्टनचे पॅड एका कडेला चकचकीत झाले होते. त्यावर नुसत्या नव्या ओ-रिंग चढवणं म्हणजे त्यांनाही त्याच वाटेने पाठवणं. म्हणून पिस्टनच्या दोन, एंड कॅपच्या दोन, पिनिअनच्या वरची-खालची, स्टॉप बोल्टच्या (फिरणं कुठे थांबावं ते ठरवणाऱ्या) ओ-रिंग, बेअरिंग (गाइड बँड आणि पॅड त्यातच आले), थ्रस्ट वॉशर, सर्क्लिप, सगळं एकत्र बदललं. बोअर पॉलिश पेपरने घासला नाही, तेही मुद्दामच. आतला अ‍ॅनोडाइज थर (धातूवरचं कडक कवच) गेला की उघडं अ‍ॅल्युमिनियम नव्या सीलला खात बसतं. पांढरी पूड पुसून नखाने बोअर तपासला, नख अडकेल असा चरा नव्हता, म्हणून बॉडी वाचली. नाहीतर आम्हीच नवीन घ्या म्हटलं असतं.

जोडताना दोन्ही पिस्टनचे दात पिनिअनला एकाच क्षणी लागायला हवेत. एका बाजूचा एक दात जरी चुकला तरी अ‍ॅक्च्युएटर फिरतो, पण ९० अंश पुरे करत नाही, आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी बॉडीच्या कडेपासून पिस्टनपर्यंतची खोली व्हर्नियरने सारखी आहे ना ते बघितल्याशिवाय आम्ही कॅप लावत नाही. स्प्रिंग जितक्या निघाल्या तितक्याच, दोन्हीकडे सारख्या, परत बसवल्या. एखादी कमी बसली तर व्हॉल्व्ह बंद करायचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कमी पडतो. त्यानंतर ६ बार दाबावर उघड-झाक, स्टॉप बोल्टने दोन्ही टोकं लावणं, कॅप, पिनिअन आणि पोर्टवर साबणाचं पाणी. बुडबुडा नव्हता. त्या चाचणीची नोंद तुमच्या जॉब कार्डावर आहे.

आता महिनाभरानंतरच्या गळतीचं. तुम्ही लिहिलंय की "सोलेनॉइडच्या सायलेन्सरमधून सतत फुसफुस येते". साहेब, सोलेनॉइड (हवा सोडणारा-अडवणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) आमच्याकडे आलाच नव्हता, अ‍ॅक्च्युएटर एकटाच आला होता. ती फुसफुस पिस्टनच्या सीलमधूनही येऊ शकते आणि सोलेनॉइडच्या स्पूलमधूनही (स्पूल म्हणजे आत सरकून हवेची वाट बदलणारा दांडा). बाहेर पडायची जागा (सायलेन्सर, म्हणजे हवेचा आवाज दाबणारं तोंड) एकच असल्यामुळे कानाला फरक कळत नाही. ओळखायचं असं: प्रोसेस विभागाकडून परवानगी घ्या, सोलेनॉइड उतरवा, पोर्ट अ मध्ये (दोन पिस्टनच्या मधल्या भागाचं छिद्र) रेग्युलेटरमधून थेट हवा द्या आणि उघड्या पोर्ट ब वर (स्प्रिंगच्या बाजूचं छिद्र) साबणाचं पाणी लावा. सुरुवातीला स्प्रिंगकडची हवा बाहेर येईल, ती थांबू द्या. त्यानंतरही बुडबुडे येत राहिले तर सील आमचं, काम आमचं, पैसे नाहीत. बुडबुडे थांबले तर स्पूल गेलाय, किंवा त्यात टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकलाय. हे फार वेळा होतं, आट्याच्या पहिल्या दोन फेऱ्या टेपविना सोडल्या की टळतं.

एक गोष्ट जॉब कार्डावर लिहिली होती, तुमच्या अभिप्रायात ती आली नाही. दोन पिस्टनच्या मधल्या भागातून तेलकट तांबूस पाणी निघालं होतं. म्हणजे लाइनमधून ओल आणि गंज येतोय. फिल्टरचा बाउल भरलाय का, ड्रेन चालतो का, ते बघा. हवेचा दवबिंदू तिथल्या सर्वांत कमी तापमानापेक्षा निदान १० अंश खाली हवा. शिवाय स्प्रिंगच्या बाजूला व्हॉल्व्ह बंद होताना बाहेरची हवा पोर्ट ब मधून आत ओढली जाते. तिथे दमट किंवा ॲसिडची हवा असेल तर स्प्रिंग आतल्या आत गंजतात. बाहेरच्या हवेऐवजी मधल्या भागातून परतणारी लाइनचीच हवा स्प्रिंगच्या बाजूला देणारा सोलेनॉइड लावला तर हा त्रास जातो. हे तेव्हाही सुचवलं होतं.

किट मागवावं लागतंय हे त्याच दिवशी तुमच्या स्टोअरला कळवलं होतं, पण तुमच्यापर्यंत ते पोचलं नाही असं दिसतं. इथून पुढे काम देणाऱ्यालाच थेट फोन जाईल आणि जुने पार्ट पिशवीत भरून परत मिळतील, बाकीही जमेल ते सुधारू.

पुन्हा पाठवणार असाल तर सोलेनॉइडसकट पाठवा, पोर्टला प्लग लावून, आणि उतरवण्याआधी व्हॉल्व्हची स्थिती व कपलिंगवर खूण करून ठेवा. सील आमचं निघालं तर तुमची लाइन थांबू नये म्हणून त्याला आधी हात लावू.

आपला,
वर्कशॉप मालक