नवख्या टीमला ॲजाइल पेलते का? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपला आक्षेप थोडक्यात असा : फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे जमून ज्या १७ जणांनी ॲजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोडे थोडे करत आणि वारंवार दाखवत पुढे नेण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, ते या व्यवसायात मुरलेले होते, त्यांना जे पेलले ते बेळगावात कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांवर सोपवणे म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणे होय, म्हणून आधी काय बनवायचे त्याचा संपूर्ण दस्तऐवज आणि मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोडिंग, हीच वाट नवख्यांसाठी योग्य.

यातील देखरेखीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. टीमने आपले काम आपणच आखावे, ही अपेक्षा पहिल्या दिवसापासून ठेवणे ही आमची चूक होती. रोजच्या १५ मिनिटांच्या बैठकीत एक मुलगी सलग चार दिवस ‘इट्स गोइंग ऑन’ एवढेच सांगत होती. पाचव्या दिवशी तिच्याशेजारी बसल्यावर कळले की, ती पहिल्याच दिवशी डेटाबेसच्या एका क्वेरीत अडकली होती आणि सर्वांसमोर, तेही इंग्रजीत, ते कबूल करण्याचे धाडस तिला होत नव्हते. त्यानंतर बैठकीत मराठी, कन्नड, ज्याला जी भाषा जवळची ती चालेल असे ठरवले आणि ‘काय केले’ याऐवजी ‘कुठे अडले’ हा प्रश्न आधी घेतला. मुले बोलू लागली.

मात्र आधी संपूर्ण दस्तऐवज, हे मला पटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी) आम्ही रोजच्या उत्पादनाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर करत होतो. लेखी मागणीत ‘रिजेक्शन’ एवढाच शब्द होता आणि मुलांनी त्यासाठी नगांची संख्या भरण्याचा रकाना केला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तो स्क्रीन दाखवताच तेथील सुपरवायझर म्हणाले, ‘नग कळले, पण वजन कुठे आहे?’ नापास कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, पुन्हा भट्टीत जाते, त्यामुळे पुढच्या चार्जचा (भट्टीत एका वेळी घालायच्या मालाचा) हिशेब किलोवर चालतो, हे त्यांना इतके अंगवळणी पडलेले होते की लिहून द्यावे असे वाटलेच नव्हते. अनुभवी माणूस कदाचित आधीच विचारता झाला असता. नवख्याला काय विचारायचे हेच माहीत नसते, म्हणून त्याच्या हातचे काम लवकर आणि वारंवार दाखवले जाणे अधिक गरजेचे असते. नवा पॅटर्न (साचा करण्याचा नमुना) आल्यावर फाउंड्रीतही आधी सॅम्पल कास्टिंग ओतून, मापून पाहतात. सगळा लॉट एकदम कोणी ओतत नाही. शिवाय जाहीरनामा दस्तऐवज नाकारत नाही, चालत्या सॉफ्टवेअरला त्याहून अधिक मोल देतो, एवढेच.

माझ्या मते नवख्या टीमचे खरे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. स्क्रम या ॲजाइलमधील कार्यपद्धतीच्या रोजच्या बैठकीसारख्या बैठका उचलणे सोपे असते, पण कोड कसा लिहावा हे स्क्रम सांगत नाही. ती बाजू जाहीरनाम्याच्या लेखकांपैकी एक असलेल्या केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या ॲजाइल पद्धतीत आहे : दोघांनी मिळून एकाच संगणकावर काम करणे, कोडच्या आधी तो तपासणारी टेस्ट लिहिणे, रोजचा कोड रोज एकत्र करणे. ही शिस्त नसेल तर दर दोन आठवड्यांनी बिघडलेल्या कोडवर आणखी कोड चढत जातो आणि मग आपण म्हणता तशी, वाऱ्यावर सोडल्याची अवस्था नक्की होते. आपण सांगितलेली देखरेख मला याच जोडीच्या कामात दिसते, कारण तेथे चूक होत असतानाच ती सांगता येते.

एवढे अनुभवी लोक आणायचे कोठून, हा आपला प्रश्न रास्त आहे. येथे तीन-चार वर्षांचा अनुभव झाला की बहुतेक जण पुण्याची किंवा बंगळुरूची वाट धरतात. आम्ही पाच नवख्यांमागे एक अनुभवी व्यक्ती ठेवतो आणि पहिले सहा महिने तिच्या नावावर स्वतंत्र काम टाकत नाही. तो खर्च आम्ही ग्राहकाला कामाच्या आधीच सांगतो. काही ग्राहक त्यामुळे आले नाहीत. आपल्या पद्धतीत दस्तऐवज तपासणारा वरिष्ठ हाच वेळ देतो असे मी समजतो; त्याच्या नजरेतून तो वजनाचा रकाना सुटला नसता असे आपणास वाटत असेल, तर तो कोणत्या टप्प्यावर सापडला असता, हे आपल्याकडून समजून घ्यायला मला आवडेल.