दोन पाय कुठे गेले?

माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या ६.२८ पट येतं. रोज नाही. कधी १२.५७ पट येतं, कधी ३९.४८ पट, आणि एखाद्या दिवशी ग्रह बरे असले तर नुसतं वजाचं अधिक होतं. क्वांटम मेकॅनिक्स डोक्यावरून जातं, सापेक्षता अवघड, टेन्सर म्हणजे कागदावर सोडलेल्या मुंग्या, असं लोक म्हणतात. म्हणोत. त्या गोष्टी निदान अवघड दिसतात तरी; माणूस कंबर कसून बसतो. इंदूरच्या रामबागेतल्या या टेबलावर मला लोळवतं ते एक यःकश्चित ग्रीक अक्षर. त्याचं नाव पाय, किंमत ३.१४. तोही एकटा क्वचित येतो. येतात ते दोन पाय, नाहीतर चार पाय.

"इतकी वर्षं शिकून राहिलास, अजून पायच मोजतो का रे?" असं आत्या विचारते. होय आत्या, पायच.

आधी चार पायांच्या जनावराबद्दल. विद्युतचुंबकत्वात हे जनावर फिरतं आणि त्याला गोठे दोनच: एक कूलोमचा नियम (दोन भारांमधलं बल), दुसरा मॅक्सवेलची समीकरणं (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं). गाउसच्या (सेंटिमीटर-ग्रॅमच्या) एककांत लिहिणारे कूलोमचा नियम स्वच्छ ठेवतात: भारांचा गुणाकार, भागिले अंतराचा वर्ग, संपलं. मग जनावर दुसऱ्या गोठ्यात निघतं आणि मॅक्सवेलच्या समीकरणात भारघनतेच्या पुढ्यात चार पाय रोवून उभं राहतं. एसआयवाले, म्हणजे मीटर-किलोग्रॅमवाले, मॅक्सवेल झाडून-पुसून घेतात, तर तेच जनावर कूलोमच्या नियमात छेदाखाली रवंथ करत बसलेलं. बाहेर हाकलायची सोय नाही, कारण ते गोलाच्या पृष्ठफळातून जन्माला आलंय: त्रिज्येचा वर्ग गुणिले चार पाय. एका बिंदूतून चहूकडे पसरणारं काहीही मोजा, ते कुठेतरी दिसणारच. इंग्रज विद्युतशास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइडचं म्हणणं असं होतं की जिथे गोल आहे तिथेच ते बांधावं. माणसाचं म्हणणं बिनतोड होतं. म्हणूनच बहुधा सगळ्यांनी ऐकलं नाही.

आता कल्पना करा की एकाच पुस्तकात दोन्ही गोठे आहेत. करायचीही गरज नाही, जॅक्सनचं विद्युतगतिकी उघडा. १९६२ च्या पहिल्या आवृत्तीत सगळं गाउसच्या एककांत होतं. तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणं एसआयमध्ये आली आणि अकराव्यापासून, सापेक्षता सुरू झाली की, पुन्हा गाउस. लेखक सज्जन, म्हणून डाव्या पानाच्या माथ्यावर कुठली एककं चालू आहेत ते छापलेलं असतं. पण डाव्या पानाचा माथा कोण वाचतो? नवव्या प्रकरणातलं सूत्र चौदाव्यात नेऊन ठेवायचं आणि मग रात्री साडेअकराला विचार करत बसायचं की प्रकाशाचा वेग अचानक छेदात कसा आला.

यावर माझा एक मिनिटाचा इलाज आहे. नवीन पुस्तक हातात आलं की प्रस्तावना वाचू नये. फॅरेडेचा नियम शोधावा. चुंबकीय क्षेत्राच्या बदलाच्या दरामागे 'एक भागिले सी' (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) दिसला की गाउसवाले किंवा त्यांचे चुलतभाऊ. मग भारघनतेकडे बघावं. तिथे चार पाय असले तर शुद्ध गाउस. सी आहे पण पाय नाहीत, तर हेविसाइड-लोरेंत्झ. क्षेत्र सिद्धांताच्या पुस्तकांत सी देखील एक मानून खाऊन टाकलेला असतो, तेव्हा सूक्ष्मसंरचना स्थिरांकाकडे, म्हणजे विद्युतबलाची ताकद सांगणाऱ्या शुद्ध आकड्याकडे जावं. त्याची किंमत कुठल्याही घरात १ भागिले १३७.०३६ च. तो नुसता 'ई वर्ग' लिहिलाय की 'ई वर्ग भागिले चार पाय', एवढं बघायचं. पहिल्या घरात इलेक्ट्रॉनचा भार ०.०८५ निघतो, दुसऱ्यात ०.३०३. इलेक्ट्रॉन तोच. उगाच घाबरू नये.

दोन पायांची गोष्ट वेगळी. ती भाऊबंदकी आहे. फूरियर रूपांतर (लहरीतले सुटे सूर वेगळे करायचं गणित) जायचं एक आणि यायचं एक, दोन्ही मिळून दोन पायांनी कुठेतरी भागावं लागतं, हे गणितानं ठरवलेलं. वाटणी कशी करायची ते मात्र ठरवलेलं नाही. भौतिकशास्त्रातली बरीच पुस्तकं सगळं ओझं येणाऱ्यावर टाकतात. काही समन्यायी मंडळी दोघांना निम्मं-निम्मं देतात, पण ही निम्मी वाटणी वर्गमुळाची असते, म्हणजे प्रत्येकी २.५०७ नं भागायचं. सिग्नलवाले इंजिनीयर दोन पाय उचलून घातांकात नेतात, मग बाहेर काहीच उरत नाही आणि ते सुखी दिसतात. क्षेत्र सिद्धांतात संवेगाच्या चारही मितींना ही वाटणी लागते, म्हणून तिथे एक वाटणी विसरलात तर उत्तर १५५८ पटीनं चुकतं. एवढ्या फरकानं तर दूधवाल्याचा हिशेबसुद्धा चुकत नाही.

स्फटिकवाल्यांचंही तेच. व्यस्त जालक, म्हणजे स्फटिकातल्या अंतरांचा उलटा नकाशा, लिहिताना भौतिकशास्त्रज्ञ दोन पाय आत घेतात, स्फटिकशास्त्रज्ञ दारातच ठेवतात. सिलिकॉनच्या '१११' नावाच्या अणुथरांमधलं अंतर ३.१३६ अँगस्ट्रॉम. एकाच्या आलेखावर त्याचं शिखर ०.३१९ वर उभं, दुसऱ्याच्या २.००४ वर. (आणि ३.१३६ हेही दिसायला पायसारखंच. हा निव्वळ योगायोग आहे हे कळायला एक संध्याकाळ जाऊ शकते.)

चिन्हांचा प्रश्न, म्हणजे अवकाशकालातलं अंतर मोजताना अधिक कुठे आणि वजा कुठे, त्या मानानं घरगुती. गौरी कुणाकडे उभ्याच्या असतात, कुणाकडे खड्यांच्या. चूक कुणीच नाही, ज्याचा त्याचा कुळाचार. काळ अधिक आणि अवकाश वजा हे एक घराणं, काळ वजा आणि अवकाश अधिक हे दुसरं. पहिल्या घरात संवेगाचा वर्ग म्हणजे वस्तुमानाचा वर्ग, दुसऱ्या घरात त्याचंच ऋण. क्लाइन-गॉर्डनचं (सापेक्षतेतल्या कणाचं) समीकरण बघून घराणं ओळखता येतं: वस्तुमानाच्या वर्गामागे अधिक असला तर पहिलं, वजा असला तर दुसरं. भानगड होते ती एका पुस्तकातून प्रसारक (कणाचा प्रवास) आणि दुसऱ्यातून शिरोबिंदू (कणांची भेट) उचलला की. खड्यांच्या गौरींना मुखवटे बसवायला गेल्यासारखं होतं. मिस्नर-थॉर्न-व्हीलरच्या १९७३ सालच्या त्या १२७९ पानी गुरुत्वाकर्षणाच्या ठोकळ्यात मुखपृष्ठाच्या आतच, कुठल्या लेखकाचा कुठला कुळाचार, याचा तक्ता दिलाय. त्या एका पानासाठी मी बाकीची पानं माफ करतो.

इथपर्यंत छापील पुस्तक. पण प्रगत विषयाचं पुस्तक खजुरी बाजारात ढीग उपसूनही सापडत नाही, परदेशी प्रतीची किंमत बघून पोह्यावरची शेवसुद्धा गोड लागत नाही, आणि मग पावलं भंवरकुव्याकडे वळतात. झेरॉक्स. तिथे खरी गंमत आहे.

झेरॉक्स मशीनला भौतिकशास्त्र येत नाही, पण ते भौतिकशास्त्र बदलू शकतं. टोनर संपत आला किंवा दुकानदारानं शाई वाचवायला छपाई फिकी ठेवली की आधी बारीक रेघा जातात. मजकुरातली बारीक रेघ गेली तर बिघडत नाही, 'क' चा 'क' च राहतो. समीकरणात मात्र सगळा जीव बारीक रेघांतच असतो: वजा, डॅश, टिंब, आणि एचच्या मानेवरची ती आडवी काट. काट असलेला एच, म्हणजे एच-बार, हा प्लँकच्या स्थिरांकाला दोन पायांनी भागून होतो. काट उडाली की दोन पाय आलेच. हायड्रोजनच्या ऊर्जेच्या सूत्रात तो छेदात वर्गासकट असतो. तिथली काट उडाली तर १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टची बांधणी ०.३४ वर येते आणि बोरची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉमवरून २०.९ वर जाते. अणू चाळीसपट फुगला. दृश्य प्रकाशाच्या फोटॉनमध्ये साधारण दीड ते तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात, म्हणजे या झेरॉक्समधला हायड्रोजन ट्यूबलाइट लावली तरी फुटेल.

फिकं नको म्हणून 'डार्क' करून घेतलं तर साध्या अक्षरांनाही चरबी चढते. जाड अक्षर म्हणजे सदिश, बारीक म्हणजे अदिश. अख्ख्या प्रकरणात अदिश औषधाला उरत नाही. काचेवर धुळीचा कण असला तर त्याचं टिंब होतं. ते एक्सच्या डोक्यावर पडलं की स्थानाचा वेग झाला. तिथे आधीच एक टिंब असलं तर वेगाचं त्वरण. ओळखायची युक्ती सोपी आहे. चार-पाच सुटे कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरावेत. सगळ्या पानांवर त्याच जागी असलेलं टिंब न्यूटनचं नव्हे, मशीनचं.

मग स्पायरल. समीकरणांचे क्रमांक ओळीच्या उजव्या टोकाला असतात. उजव्या पानावर ती बाहेरची बाजू, डाव्या पानावर शिवणीची. भोकं पाडणारं यंत्र नेमके डाव्या पानावरचे क्रमांक खातं. पुढे मजकूर म्हणतो, '(४.३१) वापरून (४.२८) मधून (४.३६) मिळते', आणि चौथ्या प्रकरणात निम्म्या क्रमांकांच्या जागी गोल खिडक्या असतात. शिवणीच्या बाजूला निदान दीड सेंटिमीटर समास सोडायला सांगावं. दुकानदार मान हलवतो आणि म्हणतो, "भिया, सब आ गया है, थोड़ा बारीक है बस." बारीकच आहे, खरं आहे. दोन पानं एका कागदावर बसवायला मशीन सगळंच लहान करतं, आणि पायथ्याच्या टिपा आधीच मुंगीच्या पावलाएवढ्या असतात.

टिपा सोडून द्याव्यात असं वाटतं. देऊ नयेत. १९२६ साली माक्स बॉर्ननं तरंगफलाचा (क्वांटम कणाचं वर्णन करणाऱ्या फलाचा) संभाव्यतेशी संबंध जोडला, तो मजकुरात थेट फलाशी. प्रुफं तपासताना तळटीप घातली की अधिक विचार करता संभाव्यता फलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९५४ चं नोबेल त्याला तरंगफलाच्या याच सांख्यिकी अर्थासाठी मिळालं. वर्ग तळटिपेत होता. भंवरकुव्याला झेरॉक्स केली असती तर वर्ग गेला असता.

चूक लेखकाची असायचीही शक्यता असते, पण ती सिद्ध करायला आवृत्ती कळावी लागते. हक्कांच्या पानावर तळाशी '१० ९ ८ ७ ६ ५ ४' अशी अंकांची रांग असते. त्यातला सगळ्यात लहान अंक म्हणजे कितवी छपाई. चौथ्या छपाईत दुरुस्त झालेलं वजा चिन्ह दुसऱ्या छपाईत तसंच असतं, आणि शुद्धिपत्र छपाईनुसार वेगळं. झेरॉक्समध्ये अर्थातच हे पान नसतं. ती पहिल्या प्रकरणापासून सुरू होते, पैसे वाचवायला.

आणि 'सहज दिसून येते की'. या चार शब्दांवर वेगळा लेख होईल. माझा अनुभव एवढाच की 'दिसून येते' ला एक पान लागतं, 'सहज दिसून येते' ला चार, आणि 'उघडच' असलं तर ती ओळ चुकीची असण्याचा संभव धरून चालावं. बाद झालेली ही पानं सकाळी कचऱ्याच्या गाडीत जातात. इंदुरात ओला-सुका वेगळा करावाच लागतो, आणि चहा सांडलेलं समीकरण कशात जातं यावर आमच्या घरात एकमत नाही.

पण मला सगळ्यात खटकतं ते असं. मितींची तपासणी हा आमचा हातातला सोटा. टिंब उडालं, सी राहिला, घात चुकला, सगळं त्या सोट्यानं सापडतं, कारण डावी बाजू जूल आणि उजवी जूल-सेकंद अशी बोंब लगेच होते. पायला मात्र मिती नाही. तो शुद्ध आकडा. कितीही पाय घाला, कितीही तोडा, मिती हूं की चूं करत नाहीत. तो सापडतो फक्त खरे आकडे टाकून. म्हणून आधी माहीत असलेली एक राशी त्याच सूत्रातून काढून बघायची आणि आपलं उत्तर पुस्तकाच्या उत्तरानं भागायचं. ६.२८ आलं तर दोन पाय, १२.५७ तर चार पाय, २.५०७ तर फूरियरची वाटणी, ३९.४८ तर एच-बारचा वर्ग, १५७.९ आलं तर क्षेत्र सिद्धांतातल्या वेटोळ्याचे (लूपचे) सोळा पायवर्ग. ९.८७ आलं तर पायचा वर्ग. त्याला गुरुत्वत्वरण समजून खूश होऊ नये.

इथल्या राजा रामण्णा केंद्रात, ज्याला गावात अजून कॅटच म्हणतात, इंडस-२ हे इलेक्ट्रॉन गोल फिरवणारं यंत्र आहे. परिघ १७२.५ मीटर. जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारा इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला साधारण १७ लाख ३८ हजार फेऱ्या मारतो. कोनीय वेग काढा, १ कोटी ९ लाख रेडियन. इलेक्ट्रॉन बिचारा फेऱ्याच मारतो. दोन पाय आपण लावतो.

सध्या टेबलावर सांख्यिकी भौतिकी आहे, अवस्था मोजायचं पान. माझं उत्तर तीन रात्री २४८ पट जास्त येतंय. २४८ म्हणजे दोन पायांचा घन, एवढं कळायला यादी लागली नाही. कुणीतरी छेदातल्या घनात एच-बार घातलाय आणि तिथे साधा एच हवा. माझी आकडेमोड तीनदा तपासली. मग भिंग आणलं. एचच्या मानेवर काट होती, ठसठशीत, थोडी वाकडी. नखानं खरवडली तर निघाली. पावसाळ्यात या पुस्तकानं मी जे डास मारतो, त्यातल्या एकाचा पाय होता.